‘घर ३’ नावाची डिस्क

२१ फेब्रुवारी २००७, बुधवार

माझ्या मुलाचं, जितूचं, कट्टा गावातलं शुटिंगचं दुकान आज रिकामं केलं. बाजूच्या गाळ्यातला रविकांत शिंपी मदतीला आला. पाटी उतरवायला त्याने मला शिडीवर चढू दिलं नाही. एकतीस वर्षं मालवणच्या बंदर खात्यात मी वादळाचे बावटे चढवले आणि उतरवले, तरी म्हणाला, “काका, तुमी खाली ऱ्हवा.” राहिलो.

मोठं मशीन जितूच्या कुडाळच्या मित्राचं होतं, तो घेऊन गेला. मी घरी आणला तो एकच खोका. त्यात वायरी, दांड्यात ओवलेल्या कोऱ्या डिस्क, दोन शर्ट, एक टॉवेल, चहाचा कप, आणि कागदी पाकिटांत ठेवलेल्या तीन डिस्क. तिन्हींवर जितूचं अक्षर: घर १, घर २, घर ३.

परत घरी कोळंबला येताना कुंभारमाठचं वळण लागलं. जितूची मोटारसायकल तिथेच घसरली होती. मी बसच्या दुसऱ्या बाजूला पाहत होतो.

नोकरीत रोज वारा आणि समुद्र लिहून ठेवायचो. ती सवय गेली नाही. आता लिहायला हे आहे.

२५ फेब्रुवारी, रविवार

घरातला कॉम्प्युटर जितूचाच, सहा वर्षांपूर्वीचा. दुकान टाकल्यावर तो इथे राहिला. त्यात त्याने सीडी रायटर बसवलेला. डिस्क कशी घालायची, कुठे दाबायचं, हे त्यानेच मला शिकवलेलं. तेव्हा आमचं बोलणं होतं.

‘घर १’ लागली. आतमध्ये आमचे जुने फोटो, एक एक करून उतरवलेले. माझा बंदरावरच्या खांबाखालचा, माझ्या बायकोचा, शेवंतीचा, बाळंतपणातून उठल्यावरचा, आमची लेक सुगंधा आणि जितू होडीच्या काठावर बसलेले. शेवंती स्वयंपाकघरातून आली, ओल्या हातांनी उभी राहिली. “तेणां ह्यां कधी केल्यान?” म्हणाली. मला ठाऊक नव्हतं.

‘घर २’ मध्येही फोटोच. ‘घर ३’ काही लागेना. हिरवा दिवा पेटतो, आत घरघर होते, मग सगळं शांत आणि पडद्यावर ‘डिस्क घाला’. घातलेली आहे हे त्याला कसं सांगायचं?

२७ फेब्रुवारी, मंगळवार

जितू गेला त्याला आज तीन आठवडे झाले. डिस्क मऊ फडक्याने पुसली, पुन्हा घातली. नाही. मग वाटलं, यंत्रच बिघडलं असेल, म्हणून खोक्यातली एक कोरी डिस्क घेऊन तिच्यावर ‘घर १’ची प्रत करून पाहिली. सुगंधाला डोंबिवलीला पाठवता आली असती. यंत्राने कोरी डिस्कही नाकारली, बाहेर ढकलली. पण घर १ आणि घर २ मात्र पुन्हा घातल्या तर बिनतक्रार लागतात.

जे यंत्र डिस्क लिहू शकतं ते कोरी डिस्क ओळखत नाही म्हणजे काय?

शेवंतीला ‘घर ३’बद्दल सांगितलेलं नाही. बहुधा गिऱ्हाइकाचं काही काम असेल. असेल तर ज्याचं त्याला पोचतं करायला हवं, म्हणून माझी खटपट. दुसरं काही नाही.

५ मार्च, सोमवार

शिमग्याची गडबड सरली, मालवणला गेलो. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा नितेश ओळखीचा आहे. डिस्क हातात घेऊन त्याने नुसती तिरकी केली आणि हसला.

“काका, ही सीडी न्हय, डीव्हीडी.”

“दिसूक सारखीच आसा.”

“दिसूक सारखीच. पण हेच्यातला अक्षर बारीक. सीडीच्या ड्राइव्हाक तां वाचूक येणा नाय. आणि तुमच्या घरचो सीडी रायटर, तेच्यात कोरी डीव्हीडी घातलात तर तो लिवचो पण नाय. खोक्यातले कोरे पण डीव्हीडीच असतले. सीडी रायटर फक्त सीडी लिवता. डीव्हीडीचो रायटर दोन्ही लिवता. उलटा काय होणा नाय.”

मी म्हटलं, “मग तुझ्याकडच्या मशीनवर लाव.”

त्याने लावली. डीव्हीडी वाचणारं मशीन होतं, तरी पडद्यावर आलं की डिस्क रिकामी आहे. नितेशने ती पुन्हा बाहेर काढली, दारात उजेडाला धरली आणि मला जवळ बोलावलं. आतल्या बाजूला एक गडद पट्टा होता, बाहेरच्या बाजूला फिकट. “जंयसर गडद दिसता थंयसर लिवलेला आसा. रिकामी न्हय. पण तेणां ही बंद करूक नाय.”

बंद म्हणजे काय ते त्याने समजावलं. डीव्हीडी लिहून झाली की शेवटी ती बंद करावी लागते, मग ती कुठेही चालते. पुढे आणखी काही घालायचं असेल तर उघडी ठेवतात. उघडी असली की दुसऱ्या मशीनला ती रिकामी वाटते. ज्या रायटरने लिहिली त्यालाच ती नक्की वाचता येईल. नितेशकडे डीव्हीडी रायटर नाही, आणि असता तरी त्याची खात्री नव्हती.

म्हणजे आता तो रायटर शोधायचा.

खोक्यात तो नाही.

८ मार्च, गुरुवार

कट्ट्याला जाऊन रविकांतला विचारलं. तो पायमशीन चालवत होता. पाय थांबले, पण मान वर झाली नाही.

“तो भायर ठेवचो रायटर होतो, वायरीन जोडूचो. तो तेणां दोडामार्गात दिलेल्यान. थंय कॉम्प्युटर क्लास आसा.”

“कोणाक?”

“थंय अक्षदा म्हणान एक शिकवता. तेची वळख होती.” मग थोड्या वेळाने म्हणाला, “काका, तुमी स्वतः जातलात? मी जावन येव?”

म्हटलं, मुलगा माझा, डिस्क माझ्या मुलाची, मीच जाईन. रविकांत भला माणूस. माझ्या गुडघ्यांची काळजी करतो.

१४ मार्च, बुधवार

सकाळच्या गाडीने सावंतवाडी, तिथून दोडामार्ग. बांद्याच्या पुढे काजूची बोंडं पिकलेली, त्यांचा आंबूस वास बसमध्ये येत होता. जितू या वाटेने किती वेळा आला असेल, मला कल्पना नाही. या सहा महिन्यांतलं त्याचं मला काहीच माहीत नाही.

क्लास बाजारात एका माडीवर आहे. सहा कॉम्प्युटर, भिंतीवर की-बोर्डचा तक्ता. आत एकच मुलगी, चोवीस-पंचवीसची, वहीत काहीतरी लिहीत. मला पाहून उभी राहिली. मी अजून नावही सांगितलं नव्हतं, तिने खुर्ची पुसली आणि “बसा ना” म्हणाली. पाणी आणलं. खालून चहा मागवला आणि वरूनच हाक दिली, “एकात साखर कमी.” मी तसाच घेतो; माझं वय पाहून ठरवलं असावं. आजकालच्या मुली हुशार असतात.

सांगितलं, मी जितेंद्रचा बाप. तिने मान डोलावली. काय झालं ते तिला कळलेलं होतं. मी डिस्क पुढे केली. उलटी करून पाहण्याऐवजी ती मुलगी जितूच्या अक्षराकडेच पाहत राहिली.

रायटर तिच्या खणात होता, फडक्यात गुंडाळलेला. तिने जोडला, डिस्क घातली. घरघर झाली, थांबली, पुन्हा झाली. मी डोळे मिटून घेतले होते. तिने हळूच सांगितलं, “लागली.”

गिऱ्हाइकाचं काम नव्हतं. आमचं घर होतं. श्रावणातलं, अंगणात चिखल, तुळशीपाशी शेवंती. चित्र हलत होतं आणि जितूचा आवाज कॅमेऱ्याच्या मागून.

“ह्यां आमचां घर. रस्त्यार्सून दिसणा नाय, माडांच्या पाठी आसा. तू येशीत तेवा पुढल्या पायरेन ये, पाठीमागच्या दारान येव नको. ही बाव. कठडो कमी आसा, तुका पोवूक येणा नाय तर लांब ऱ्हव.”

शेवंती चुलीपुढे दिसली. “काय करतंस रे?” असं तिने विचारलं आणि पदर सारखा केला. “घराचा शुटिंग,” तो म्हणाला. “आये, हस मगे.”

मग पडवी. बाकावर मी, पेपर तोंडावर घेऊन झोपलेला. त्याने आवाज खाली आणला.

“हे बाबा. आवाज मोठो आसा, पण भियाव नको. मन तसा नाय. वायंच वेळ लागतलो तेंका.”

मी ते तीनदा लावायला सांगितलं. प्रत्येक वेळी तिने लावलं.

तो कोणाशी बोलतो आहे तेच मला कळेना. आधी वाटलं सुगंधासाठी असेल. पण सुगंधा त्याच विहिरीवर वाढली, तिला कठडा कशाला सांगायचा? कदाचित अशी शुटिंगं करताना समोर कोणी आहे असं धरूनच बोलायची पद्धत असेल. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, “असेल.” रुमाल नाकाला लावून ती खिडकीशी गेली. परकी पोर, पण हळवी.

चित्रीकरण चाळीस मिनिटांचं. मी म्हटलं, घरच्या मशीनवर डीव्हीडी लागत नाही, त्याच्या आईला कसं दाखवायचं? ती म्हणाली, सगळं आवळून एका सीडीवर बसवून देते, ती तुमच्या कॉम्प्युटरवर लागेल. फक्त चेहरे थोडे पुसट दिसतील. मशीनला ते करायला दीड तास लागला. तेवढा वेळ आम्ही दोघं समोरासमोर बसून होतो. ती विचारत होती. आयेंचा गुडघा बरा आहे का? त्या अजून वाटपात तिरफळ घालतात का? मी सांगत होतो. मनात आलं, जितू दुकानात बसून गिऱ्हाइकांना घरच्या किती गोष्टी सांगायचा.

निघताना तिने विचारलं, “ही डीव्हीडी माझ्याकडे राहू दे का? ह्याच रायटरवर लागते ती.”

तिचं म्हणणं बरोबर होतं, पण मी नको म्हटलं. सीडीत चेहरे पुसट आहेत, स्पष्ट चेहरे डीव्हीडीतच आहेत. मूळ वस्तू घरात असावी. परक्याला तिचा काय उपयोग? तिने पाकिटात घालून दिली. दोन हातांनी.

१५ मार्च, गुरुवार

दुपारी शेवंतीला बसवून सीडी लावली. तिला आधी काही सांगितलं नव्हतं, ही माझी चूक. त्याचा आवाज आल्याबरोबर तिने माझा दंड धरला तो शेवटपर्यंत सोडला नाही.

संपल्यावर म्हणाली, “ओ, ह्यो कोणाकडे बोलता?”

म्हटलं, तशी पद्धत असेल.

“तुका पोवूक येणा नाय म्हणता. पुढल्या पायरेन ये म्हणता. पद्धत?” मग तिने मला विचारलं, दोडामार्गात कोण भेटलं, कशी होती, काय बोलली. मी सांगत गेलो. साखर कमी, गुडघा, तिरफळ, खिडकी. सांगता सांगता माझं मलाच ते नीट ऐकू येऊ लागलं.

“आणि तेणां चकती मागितल्यान?”

“मागितली.”

“दिलात?”

“नाही,” मी म्हटलं. शेवंती उठून आत गेली. भांडी घासल्याचा आवाज येत राहिला. घासायला भांडी नव्हती.

१९ मार्च, सोमवार. पाडवा

गुढी नाही.

चतुर्थीचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहितो.

विसर्जन झालं त्या संध्याकाळी जितू पडवीत माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, एक मुलगी आहे, आपल्यातली नाही. मी हात वर केला. तो म्हणाला, “बाबा, लगनाचा नंतर बगू. एकदा घराक हाडू तिका? नुसती बगा.” मी म्हटलं, या घराच्या पायरीला तिचा पाय लागता कामा नये. नाव सांगू लागला, तेही सांगू दिलं नाही. गाव विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तो कपडे घेऊन दुकानात राहायला गेला. महिन्याने आईला भेटायला यायचा तो मी बाजारात गेलेला बघून.

शेवंती तेव्हा दारामागे होती. त्या दिवसापासून ती माझ्याबरोबर जेवायला बसत नाही. गेले चार दिवस ती माझ्याशी जेवायला वाढण्यापुरतं बोलते. आज सकाळी म्हणाली, “तुमच्याकडे काय मोठां मागीत नव्हतो तो.”

नव्हता.

२६ मार्च, सोमवार

दोघं दोडामार्गला गेलो. शेवंतीला बस लागते, सावंतवाडीला लिंबू घेतलं. रस्ताभर डीव्हीडी तिच्या मांडीवर होती.

अक्षदाने आम्हाला जिन्यावरच पाहिलं. शेवंती काही न बोलता तिच्याजवळ गेली, तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि तसाच तिथे ठेवला. मी भिंतीवरचा तक्ता वाचत राहिलो.

मग मी पाकीट पुढे केलं. म्हटलं, “ही तुझी. माझ्या लक्षात आलं नाही त्या दिवशी.”

तिने घेतली नाही.

“आता नको,” म्हणाली. “माझां ठरलां. म्हापशाचो मुलगो. घरात जितूचां कळला, म्हणान तेंनी घाई केल्यानी. अकरा मेक लगीन. थंय ही घेवन कशी जाव मी?”

बारा दिवसांपूर्वी मी दिली असती तर तिने कुठे ठेवली असती, कोण जाणे. पण बारा दिवस तरी तिच्याकडे राहिली असती.

शेवंतीने विचारलं, “त्या दिवशी तो खंय चल्लेलो? मंगळवारी दुकान बंद करून?” हे मी कोणालाच विचारलं नव्हतं. माल आणायला चालला असेल असं मी धरून होतो.

अक्षदा माझ्याकडे पाहून बोलली. “दुपारी फोन केल्यान माका. घराक जातंय म्हणालो. बाबांका परत इचारतंय.”

खाली रस्त्यावर टेम्पो मागे घेत होते, त्याची शिट्टी वाजत होती.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि शिकवताना बोलते तशा भाषेत सांगितलं, की डीव्हीडी अजून उघडीच आहे. हा रायटर बिघडला तर ती कुठेही लागेल याचा भरवसा नाही. बंद करून दिली तर टीव्हीखालच्या प्लेअरवरसुद्धा लागेल, स्पष्ट चेहऱ्यांसकट. “पण एकदा बंद केली की तिच्यात आणखी काही घालता येणार नाही.”

“तेणां उघडी कित्याक ठेवल्यान?” शेवंतीने विचारलं.

“पुढचां घालूक. माजां घर घालूचां होतां. मग...” ती थांबली.

शेवंती म्हणाली, “आता काय घालूचां आसा, बाय? कर बंद.”

अक्षदाने माझ्याकडे पाहिलं. माझी परवानगी मागत होती. कधी नव्हे ते वाटलं, कोणी माझी परवानगी मागितली नसती तर बरं झालं असतं. मी मान हलवली.

पडद्यावर एक निळी पट्टी सरकू लागली. तिघंही तिच्याकडे पाहत होतो. पाच-सहा मिनिटं लागली असतील. शेवटी ट्रे आपोआप बाहेर आला. तिने डिस्क काढली, ती किंचित गरम होती. दुसऱ्या एका मशीनमध्ये घालून पाहिली. त्या मशीनवर ती पहिल्यांदाच लागली. आमचं अंगण दिसलं. तिने लगेच बंद केलं.

रायटरही ती परत देत होती. शेवंती म्हणाली, “तो ऱ्हवांदे. क्लासाक उपयोगी पडात.” आणि मग, जिना उतरायच्या आधी: “तुजां केळवण माज्याकडे.”

“आये, वर्ष झाला नाय. तुमच्याकडे सुतक...”

“सुतक फिटला. वर्षाचां काय तां मी बघतंय. घरात सांग, मैत्रिणीकडे जातंय म्हणान. तां खोटां न्हय.”

मला कोणी विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं.

२ एप्रिल, सोमवार

नितेशकडे डीव्हीडी लावून पाहिली. लागली. त्याने विचारलं, रायटर सापडला का? सापडला म्हटलं. कोणाकडे होता ते त्याने विचारलं नाही.

१८ एप्रिल, बुधवार

शेजारच्या यशोदाकाकींनी शेवंतीला विचारलं, वर्षाच्या आत घरात केळवण कोणाचं? शेवंतीने सरळ लेक म्हटलं: “माज्या चेडवाचां.” काकींना वाटलं असेल, दुःखाने हिचं डोकं फिरलं. मी पडवीत होतो. यशोदाकाकी निघाल्या तेव्हा त्यांना सांगितलं, “व्हय. ह्या रविवारी न्हय, फुडल्या रविवारी. तुमी पण येवा.”

२९ एप्रिल, रविवार

अक्षदा अकराच्या बसने आली. आणायला स्टँडवर जावं असं ठरलं होतं, पण ती स्टँडवरून रिक्षा करून आली, आणि माडांमधून चालत येताना दिसली. फिकट पिवळी साडी. पायरीपाशी थांबली. मी पडवीत उभा होतो. शेवंती आतून तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन आली, तिच्यावरून ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं.

तिला काही दाखवावं लागलं नाही. हात धुवायला ती सरळ पाठीमागे गेली, विहिरीपासून लांबून वळून. स्वयंपाकघराच्या दारात चौकट बुटकी आहे, पाहुण्यांचं डोकं तिथे आपटतं. ती वाकून आत गेली.

शेवंतीने खापरोळ्या आणि त्यांच्याबरोबर नारळाचा गोड रस केला होता, तिसऱ्यांचं एकशिपी कालवण, सोलकढी. यशोदाकाकी आल्या आणि काही न विचारता वाढायला लागल्या. अक्षदा थोडं जेवली. रस चांगला झालाय म्हणाली. शेवंती तिच्यासमोर बसून होती आणि तिचा प्रत्येक घास पाहत होती. मला त्यांच्यात बसवेना. मी पाणी आणून देत राहिलो.

जेवण झाल्यावर तिची ओटी भरली. साडी शेवंतीच्या पेटीतली. कोणासाठी घेतलेली होती हे तिथे सगळ्यांनाच कळत होतं. अक्षदा वाकून नमस्काराला आली तेव्हा शेवंतीने तिला उठवलं आणि मग मात्र दोघी रडल्या. यशोदाकाकींनी दार लोटून घेतलं.

तीनच्या गाडीला मी पोचवायला गेलो. उन्हं कडक होती. मी छत्री तिच्या डोक्यावर धरली. अर्ध्या वाटेवर म्हटलं, “तेका मी ‘घराक हाड तिका’ म्हणूक व्हया होता.”

ती चालत राहिली. नंतर म्हणाली, “तो रागावलेलो नव्हतो तुमच्यार. कधीच नाय. राग माका होतो.”

“आजून आसा?”

“आसा. थोडो.”

“ऱ्हवांदे,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो? तिने खोटं सांगितलं नाही एवढं मला पुरे झालं.

बस आली. चढताना पदर अडकत होता म्हणून पिशवी मी धरली, मग वर दिली. ती खिडकीत बसली. मी म्हटलं, “सुखान ऱ्हव, बाय.” तिने मान हलवली. बस वळेपर्यंत मी तिथेच होतो.

घरी आलो तर शेवंती चुलीपुढे बसलेली. “गेली?” तिने विचारलं. “गेली,” म्हटलं. मग ती उठली आणि माझं पान वाढलं. मी सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. माझ्या ते ध्यानात नव्हतं, तिच्या होतं. ती समोर बसली, आणि चतुर्थीनंतर पहिल्यांदा आम्ही दोघं एकत्र जेवलो.